रॉबेर शुमान यांचा वारसा कशात शोधावा?

प्रश्न असा आहे: फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांना ‘युरोपचे जनक’ म्हणतात, पण फ्रान्स आणि जर्मनीचा कोळसा-पोलाद एका सामाईक संस्थेखाली आणण्याची ९ मे १९५० ची घोषणा लिहिली फ्रान्सचे नियोजन-प्रमुख जाँ मोने आणि त्यांच्या माणसांनी. त्या घोषणेतून जन्मलेला कोळसा-पोलाद समुदायही २००२ मध्ये बंद झाला. मग शुमान यांचे म्हणून आज उरले काय? आणि त्यांना संतपद मिळणार, ही बातमी कितपत खरी?

आधी थोडक्यात उत्तर. शुमान यांचा वारसा भाषणांत शोधू नये. ते फर्डे वक्ते नव्हतेच. तो एका कायदेशीर यंत्रणेत आहे. सरकारांनी एका मर्यादित विषयावरचा अधिकार वेगळ्या संस्थेकडे सोपवायचा, त्या संस्थेचा निर्णय थेट कारखान्यांवर बंधनकारक करायचा आणि खुद्द त्या संस्थेविरुद्ध दाद मागता येईल असे न्यायालय ठेवायचे. आराखडा मोने यांचा, यात वाद नाही. पण तो पचवू शकेल आणि स्वतःच्या नावावर खपवण्याची जोखीम घेईल असा मंत्री पॅरिसमध्ये शुमानच होते. याचे कारण १९५० मध्ये सापडत नाही. ते १९१९ ते १९२४ या वर्षांत आहे. बहुतेक लेख हा काळ एका ओळीत उरकतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शुमान यांचा जन्म २९ जून १८८६ रोजी लक्झेंबर्ग शहराच्या क्लाउसेन भागात झाला. वडील लोरेनचे. जन्माने ते फ्रेंच, पण १८७१ च्या पराभवात फ्रान्सने आल्सास आणि लोरेनचा मोझेल भाग गमावला आणि ते जर्मन प्रजाजन झाले. आई लक्झेंबर्गची. मुलगा जन्मतः जर्मन नागरिक. त्याने कायद्याचे शिक्षण बॉन, म्युनिक, बर्लिन आणि स्ट्रासबुर्ग येथे घेतले, म्हणजे सगळे जर्मन पद्धतीचे, आणि १९१२ मध्ये मेत्झमध्ये वकिली सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर प्रांत फ्रान्सकडे परतला आणि १९१९ मध्ये हा जर्मन कायद्यात मुरलेला वकील मोझेलचा प्रतिनिधी म्हणून फ्रेंच संसदेत जाऊन बसला.

खरी अडचण इथून पुढे होती. ४७ वर्षांत या भागातला रोजचा कायदा बदलला होता. जमिनीची नोंद जर्मन पद्धतीच्या भूमी-नोंदवहीत होत असे. कामगारांना बिस्मार्कच्या काळापासूनचा सक्तीचा आजारपण विमा होता. उरलेल्या फ्रान्समध्ये तेव्हा तसा सर्वसाधारण विमा नव्हताच. फ्रान्सने १९०५ मध्ये चर्च आणि राज्य वेगळे केले तेव्हा हा प्रांत जर्मनीत होता, त्यामुळे इथे पाद्र्यांचे पगार सरकारच देत होते. पॅरिसमधल्या अनेकांचा आग्रह होता की प्रदेश परत आला, आता फ्रेंच कायदा एका रात्रीत लागू करा. तसे केले असते तर खाणकामगाराचा विमा गेला असता आणि जमिनीच्या खरेदीखतांचा गोंधळ उडाला असता.

शुमान यांनी समितीत बसून वर्षानुवर्षे हे काम केले, विषयामागून विषय, कलमामागून कलम. १ जून १९२४ च्या कायद्यांनी फ्रेंच दिवाणी आणि व्यापारी कायदा या प्रांतात आणला, पण जिथे स्थानिक तरतूद अधिक चांगली किंवा मोडायला महाग होती तिथे ती राखून ठेवली. शंभर वर्षे उलटली तरी आल्सास आणि मोझेलमध्ये वेगळी भूमी-नोंदवही आहे, वेगळा पूरक आरोग्य विमा आहे, संस्था-नोंदणीचा १९०८ चा जर्मन कायदा आहे, गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबरची सुट्टी आहे. ‘एकच देश म्हणजे एकच साचा’ हे गृहीतक फ्रान्ससारख्या केंद्रीकरणाच्या माहेरघरात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजूला ठेवले. पुढची युरोपीय पद्धत इथे आधी एका प्रांतापुरती वापरून झाली होती: आधी विषय निवडा, मग व्याप्ती ठरवा, मग मुदत द्या.

युद्धकाळाबद्दल जपून लिहावे. दोन्ही टोकांची विधाने वाचायला मिळतात. फ्रान्स जर्मनीपुढे हरल्यावर १० जुलै १९४० रोजी विशी येथे, जर्मनीशी जुळवून घेणाऱ्या मार्शल पेताँ यांना सर्वाधिकार देण्याच्या ठरावाच्या बाजूने शुमान यांनी मत दिले, हे खरे. सप्टेंबर १९४० मध्ये गेस्टापोने त्यांना मेत्झमध्ये अटक केली, काही महिने तुरुंगात आणि नंतर जर्मनीतल्या नॉयश्टाट गावी नजरकैदेत ठेवले, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये ते तिथून निसटले, हेही खरे. पेताँच्या बाजूने दिलेल्या मतामुळे युद्धानंतर त्यांच्यावर निवडणूक लढवण्याची बंदी आली आणि ती सप्टेंबर १९४५ मध्ये उठली. पुढे अर्थमंत्री, नोव्हेंबर १९४७ पासून पंतप्रधान आणि जुलै १९४८ ते जानेवारी १९५३ सलग परराष्ट्रमंत्री. सरकारे काही महिन्यांत कोसळण्याच्या त्या काळात एकाच खात्यावर साडेचार वर्षे टिकणे ही मोठी गोष्ट होती. मोने यांना असा टिकाऊ माणूस हवाच होता.

आता १९५०. घोषणा आदर्शवादातून आली असे शाळकरी पुस्तके सांगतात. प्रत्यक्षात शुमान कोंडीत सापडले होते. पश्चिम जर्मनीतल्या रूरच्या खोऱ्यातला कोळसा, कोक (कोळसा भाजून केलेले भट्टीचे इंधन) आणि पोलाद किती जर्मनीत राहील आणि किती निर्यात होईल हे ठरवायला एप्रिल १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय रूर प्राधिकरण उभे झाले होते. जर्मन पोलादाच्या उत्पादनावर वर्षाला १ कोटी ११ लाख टनांची मर्यादा होती आणि जर्मनी ती १ कोटी ४० लाखांवर नेऊ पाहत होता. शीतयुद्ध तापल्यामुळे अमेरिका फार काळ ही मर्यादा राखणार नाही, हे पॅरिसला दिसत होते. लोरेनमध्ये लोहखनिज मुबलक, पण ते वितळवायला लागणारा चांगला कोक रूरमधून यायचा. जर्मन भट्ट्या पेटल्या की तो कोक महाग होणार किंवा मिळणारच नाही. त्यात मार्च १९५० मध्ये शुमान यांनीच फ्रान्सच्या ताब्यातल्या, कोळशाने समृद्ध सारलँड या जर्मनभाषक प्रदेशाशी करार करून तो फ्रान्सशी आणखी घट्ट बांधला आणि बॉनमध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनॉवर संतापले. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचेसन फ्रान्सकडून जर्मनीविषयी ठोस प्रस्तावाची वाट पाहत होते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात लंडनमध्ये अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक ठरलेली होती. शुमान यांच्याकडे तारीख होती, कागद नव्हता.

कागद मोने यांच्याकडे होता. पोल रतेर, एतिएन हिर्श आणि पिएर उरी यांच्यासह त्यांनी एप्रिलच्या मध्यापासून एकामागून एक नऊ मसुदे केले. २८ एप्रिलला एक प्रत शुमान यांचे सचिव बेर्नार क्लापिए यांच्या हाती गेली आणि शुमान ती घेऊन शनिवार-रविवारसाठी मेत्झजवळच्या सी-शाझेल या आपल्या गावी गेले. एक प्रत पंतप्रधान जॉर्ज बिदो यांच्या कार्यालयातही गेली होती. ती तिथेच पडून राहिली. सोमवारी पॅरिसच्या स्थानकावर उतरताच शुमान यांनी क्लापिए यांना सांगितले की मी हे वापरतो. लेखक कोण, हा प्रश्न माझ्या मते इथे मिटतो. मसुदा दोघांकडे गेला आणि एकाच राजकारण्याने त्यावर स्वतःची खुर्ची पणाला लावली.

पुढचे दहा दिवस वाचण्यासारखे आहेत, कारण इथे गुप्तता हेच तंत्र होते. ७ मे रोजी पॅरिसमधून जाणाऱ्या अ‍ॅचेसन यांना कल्पना दिली गेली. ९ मे रोजी सकाळी शुमान यांचा दूत रोबेर मिश्लिश खासगी पत्र घेऊन बॉनला पोहोचला, आडेनॉवर यांनी लगेच होकार कळवला, आणि तो होकार हाती आल्यावरच शुमान यांनी प्रस्ताव मंत्रिमंडळापुढे टाकला. संध्याकाळी परराष्ट्र मंत्रालयाच्या घड्याळ दालनात पत्रकारांसमोर वाचन. ब्रिटनला आधी सांगितले नव्हते. तिथले परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन भडकले. स्वतःच्या पोलाद उद्योगालाही सांगितले नव्हते, कारण सांगितले असते तर प्रस्ताव आठवडाभरात विरला असता. ही गुप्तता लोकशाहीच्या दृष्टीने बरी होती का, हा प्रश्न रास्त आहे, आणि ‘युरोप जनतेच्या पाठीमागे बांधला गेला’ या आजच्या तक्रारीचे एक मूळ इथे आहे. माझ्या मते घोषणेपुरती ती समर्थनीय होती, कारण पुढे करार सहाही संसदांत चर्चेला आला आणि मंजूर झाला.

घोषणेचा मजकूर जेमतेम दीड-दोन पानांचा आहे, मूळातून वाचावा. दोन जागा नीट पाहा. एक, युरोप एका झटक्यात किंवा एकाच आराखड्याने घडणार नाही, आधी प्रत्यक्ष एकजूट निर्माण करणाऱ्या ठोस कामांतून घडेल, हे वाक्य. दुसरी, फ्रान्स-जर्मनी युद्ध केवळ अकल्पनीय नव्हे तर भौतिकदृष्ट्या अशक्य व्हावे, हा उद्देश. दारूगोळ्याला लागणाऱ्या दोन वस्तूंचे हिशेब शेजाऱ्याला रोज दिसू लागले की गुपचूप शस्त्रसज्जता करता येत नाही, इतका हा सरळ विचार आहे. तत्त्व आधी मान्य करा, तपशील नंतर बोलू, ही अट फ्रान्सने घातली. २ जूनला ब्रिटिश मंत्रिमंडळाने ती नाकारली. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग हे सहा देश राहिले. वाटाघाटी २० जून १९५० रोजी सुरू झाल्या, पॅरिस करारावर १८ एप्रिल १९५१ रोजी सह्या झाल्या आणि तो २३ जुलै १९५२ पासून पन्नास वर्षांसाठी अमलात आला. २००२ मध्ये तो ‘बंद पडला’ असे म्हणू नये. त्याची ठरलेली मुदत संपली.

यंत्रणा कशी होती ते पाहू. लक्झेंबर्गमध्ये नऊ सदस्यांचे उच्च प्राधिकरण, मुदत सहा वर्षे. आठ सदस्य सरकारांनी नेमायचे, नववा त्या आठांनी निवडायचा. पहिल्या खेपेला बेल्जियन कामगार नेते पोल फिने निवडले गेले. पहिले अध्यक्ष मोने. जोडीला मंत्रिपरिषद, ७८ सदस्यांची संसदीय सभा आणि सात न्यायाधीशांचे न्यायालय. प्राधिकरणाचे आदेश तीन प्रकारचे, कराराच्या चौदाव्या कलमात: निर्णय, जो पूर्णतः बंधनकारक, शिफारस, जिचे उद्दिष्ट बंधनकारक पण मार्ग संबंधितांचा, आणि मत, जे बंधनकारक नाही. युरोपियन युनियनचे आजचे रेग्युलेशन आणि डायरेक्टिव्ह यांचे पूर्वज इथे दिसतात. इथे नावांची गल्लत होते, ती टाळा: त्या कराराची ‘शिफारस’ बंधनकारक होती, आजची शिफारस नाही.

पैसा हा कळीचा भाग. पन्नासाव्या कलमाने प्राधिकरणाला कारखान्यांकडून थेट आकार घेण्याचा हक्क दिला, उत्पादनाच्या सरासरी मूल्याच्या कमाल १ टक्क्यापर्यंत. त्यावर जायचे तर मंत्रिपरिषदेच्या दोन तृतीयांश मतांची गरज. जानेवारी १९५३ मध्ये ०.३ टक्क्याने सुरुवात झाली आणि जुलैपर्यंत दर ०.९ वर गेला. हा युरोपातला पहिला राष्ट्रोपरी कर. सरकारांच्या वर्गणीवर जगणारी संस्था सरकारांपुढे वाकते. या संस्थेला स्वतःची मिळकत होती, म्हणून तिला अमेरिकेकडून १९५४ मध्ये १० कोटी डॉलरचे कर्जही उचलता आले.

रूर प्राधिकरणही जर्मन कोळशावर देखरेख करतच होते. मग फरक कोणता? ती देखरेख एकतर्फी होती: जिंकणारे बाहेर, हरलेला आत. नव्या करारात फ्रान्सच्या खाणी आणि भट्ट्याही त्याच नियमाखाली आल्या. बांधाच्या भांडणात एका भावाच्या शेताला कुंपण घालायचे की दोघांची मोजणी एकाच भूमापकाकडून करून घ्यायची, एवढा हा फरक. मर्यादा उठवून घेण्याच्या बदल्यात आडेनॉवर यांनी समान बंधन आनंदाने स्वीकारले.

कोळसा, लोहखनिज आणि भंगार यांची सामाईक बाजारपेठ १० फेब्रुवारी १९५३ रोजी उघडली, पोलादाची १ मे रोजी. जकात हटवणे सोपे निघाले. खरा अडथळा छुप्या भेदभावाचा होता. एकाच खाणीचा कोळसा देशात एका दराने आणि परदेशी गिऱ्हाइकाला चढ्या दराने विकला जाई. रेल्वेत मालगाडीने सीमा ओलांडली की भाडे जणू प्रवास नव्याने सुरू झाला असे मोजले जाई, त्यामुळे लांब पल्ल्याच्या दराची सवलत बुडे. दुहेरी किमती प्राधिकरणाने मोडल्या आणि १९५५ मध्ये सीमापार सलग भाडेदर आणले. आजही ‘एकल बाजारपेठ’ अडते ती जकातीपेक्षा अशाच बारीक अटींवर.

काय बिघडले हेही सांगायला हवे, नाहीतर उत्तर आरतीच होईल. साठाव्या कलमानुसार प्रत्येक कारखान्याने दरपत्रक जाहीर करायचे होते. मंदीत कारखाने जाहीर दराखाली माल विकू लागले. मोने यांनी सरासरी २.५ टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा दिली. फ्रान्स सरकारच न्यायालयात गेले आणि २१ डिसेंबर १९५४ रोजी न्यायालयाने आपल्या पहिल्याच निकालात ही मुभा रद्द केली. धोरण म्हणून मोने यांचे पाऊल व्यवहार्य होते, पण कराराची भाषा तितकी सैल नव्हती. मला हा निकाल शुमान-पद्धतीची पहिली खरी कसोटी वाटतो: स्वतःच उभारलेल्या संस्थेला फ्रान्सने न्यायालयात हरवले आणि संस्था टिकली.

बेल्जियमची गोष्ट वाईट वळणाने गेली. तिथल्या जुन्या, खोल खाणींचा खर्च जास्त, म्हणून जर्मन आणि डच कोळशावर आकार लावून पाच वर्षे त्यांना आधार द्यायचे ठरले. हेतू असा की तेवढ्या अवधीत तोट्यातल्या खाणी बंद कराव्यात किंवा सुधाराव्यात. पैसा आला, पण सुधारणा रेंगाळली. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या खाणीत आगीने २६२ कामगार मेले, त्यातले १३६ इटालियन. १९५८ मध्ये स्वस्त तेल आणि अमेरिकन कोळसा आला, खाणींच्या तोंडाशी ढीग साचले, आणि १९५९ मध्ये प्राधिकरणाने ‘उघड संकट’ (म्हणजे उत्पादनावर मर्यादा घालता येईल अशी स्थिती) जाहीर करण्याची परवानगी मागितली तेव्हा मंत्रिपरिषदेने ती नाकारली. त्यानंतर प्राधिकरणाचा दरारा ओसरला. दोष रचनेतच होता: टंचाई गृहीत धरून करार लिहिला गेला आणि काही वर्षांत वाटायला टंचाईऐवजी अतिरिक्त माल आला. शिवाय सहा देशांचे सामाईक सैन्य उभारणारा युरोपीय संरक्षण समुदायाचा करार, ज्यावर परराष्ट्रमंत्री म्हणून शुमान यांची सही होती, तो ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रेंच संसदेनेच ३१९ विरुद्ध २६४ मतांनी बाजूला सारला. कोळशावर चाललेली पद्धत सैन्यावर चालली नाही.

तर आज काय उरले? न्यायालय तेच आहे, सलग १९५२ पासून. संसदीय सभेची युरोपियन संसद झाली. विस्तारित सभेचे पहिले अध्यक्ष १९५८ ते १९६० शुमान होते आणि ‘युरोपचे जनक’ ही उपाधी त्याच सभेने निरोपाच्या वेळी दिली. उच्च प्राधिकरण १९६७ मध्ये आजच्या आयोगात विलीन झाले. कार्टेल आणि विलीनीकरणावरच्या ६५ आणि ६६ व्या कलमांपैकी विलीनीकरणाचा धागा तर इतर उद्योगांना १९८९ च्या नियमापर्यंत लागूच नव्हता. समुदायाची शिल्लक मालमत्ता कोळसा-पोलाद संशोधन निधीत गेली. तो निधी अजून प्रकल्पांना पैसा देतो.

एकोणसत्तरावे कलम मराठी आणि कोकणी वाचकाला जवळचे वाटेल. कोळसा-पोलाद उद्योगातल्या कुशल कामगाराला राष्ट्रीयत्वावरून अडवू नये, असे ते सांगते. पुढे युरोपीय आर्थिक समुदाय उभारणाऱ्या रोम कराराने हे तत्त्व सर्व कामगारांपर्यंत नेले. पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवलेले गोमंतकीय ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन काम करू लागले ते याच तत्त्वाच्या विस्तारित रूपावर.

एक काळी बाजू सहसा गाळली जाते. ९ मेच्या घोषणेत आफ्रिकेचा विकास हे युरोपचे एक प्रमुख कार्य म्हटले आहे, पण तिथल्या लोकांना विचारण्याचा उल्लेख नाही. फ्रेंच अमलाखालच्या ट्युनिशियाबाबत शुमान यांनी १९५० मध्ये थिऑनव्हिलच्या भाषणात स्वातंत्र्याकडे वाटचालीचे बोल काढले, आणि १५ डिसेंबर १९५१ च्या त्यांच्याच सहीच्या पत्राने फ्रान्सचा वाटा कायम ठेवत ती वाट बंद केली. त्यांच्या खात्यावर वसाहतवादी अधिकाऱ्यांचा दाब होता हे खरे, पण सही त्यांची होती. मसुदा मोने यांचा असूनही घोषणेचे श्रेय सहीमुळे शुमान यांना द्यायचे असेल, तर या पत्राची जबाबदारीही त्याच न्यायाने त्यांच्याकडे जाते.

लिहिताना होणाऱ्या दोन घसरणी: ९ मे १९५० रोजी युरोपियन युनियन स्थापन झाली नाही, तो दिवस ‘युरोप दिन’ म्हणून १९८५ च्या मिलान शिखर बैठकीत ठरला. आणि स्ट्रासबुर्गची काउन्सिल ऑफ युरोप ही ५ मे १९४९ ची वेगळी संघटना आहे. तिच्या स्थापनेच्या करारावरही शुमान यांचीच सही असल्याने गोंधळ होतो.

संतपदाचे असे: ते अजून संत नाहीत. मेत्झच्या धर्मप्रांताने १९९० मध्ये प्रक्रिया सुरू केली आणि १९ जून २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ‘पूजनीय’ ठरवणाऱ्या निर्णयाला मान्यता दिली. पुढची पायरी ‘धन्य’ ही. त्यासाठी त्यांच्याकडे केलेल्या प्रार्थनेमुळे घडलेला एक चमत्कार चर्चने मान्य करावा लागतो, आणि व्यवहारात तो बहुतेक वेळा वैद्यकाला न उलगडलेला बरा झालेला आजार असतो. संतपदासाठी त्यानंतर आणखी एक लागतो. युरोपची शांतता हाच चमत्कार मानावा असे काही भक्त म्हणतात, पण त्या प्रक्रियेत करार-मदार पुरावा म्हणून चालत नाहीत.